सव्वापाचची वेळ

४ मे, सोमवार

हो म्हणून बसले. कला आणि श्रद्धा महोत्सवाचे अध्यक्ष सकाळी घरी आले होते. कार्यक्रमांचं वेळापत्रक सांभाळणारी मुलगी दुसरीकडे नोकरी लागली म्हणून निघून गेली. अठरा दिवस उरलेत. शाळेत सव्वीस वर्षं वेळापत्रक लावलेली बाई याच गल्लीत राहते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. तीन दिवस, तीन जागा, एक्केचाळीस कार्यक्रम. गाणी, नृत्य, नाट्यप्रवेश, मौनाचे तास, निरनिराळ्या धर्मांच्या माणसांची व्याख्यानं. सगळ्यांना एकमेकांच्या पायात पाय न अडकता बसवायचं.

हे म्हणाले, निवृत्त झालीस ना, मग निवृत्तच राहा की. सून काही बोलली नाही. ती दवाखान्यात दिवसभर लोकांच्या जखमा बांधून येते, घरी आल्यावर बोलायला तिच्याकडे फारसं काही उरत नाही.

इथं खरं लिहायला हरकत नाही. शाळेतल्या शेवटच्या वर्षी मी एकाच वर्गात दोन परीक्षा लावल्या होत्या. साठ मुलं दारात उभी. कुणी रागावलं नाही, सगळे समजुतीनं हसले, आणि तेच मला लागलं. तेव्हापासून कागदावर चौकटी आखायला घेतल्या की एकेक चौकट पुन्हा पुन्हा तपासत बसते.

९ मे, शनिवार

जागा पाहून आले. फाटकातून आत शिरलं की समोर मोठा तंबू, डावीकडे बागेतला चौथरा, आणि पार मागच्या टोकाला झाडांच्या पलीकडे दगडी प्रार्थनाघर. त्याला मागच्या गल्लीत उघडणारं स्वतःचं लहान दार आहे. तंबूच्या आत एवढं उकडतं की कापडाला हात लावला तर चटका बसेल.

आत्तापर्यंत चार बदल. मूकाभिनयवाल्यांना सकाळची वेळ नको, व्याख्यात्यांना जेवणानंतरची नको, कारण श्रोते पेंगतात. हे सगळं मला समजतं. समजली नाही ती एक गिटारवाली. भक्तिगीतं गाते, शनिवारी सव्वापाच, मोठा तंबू. याहून चांगली वेळ अख्ख्या महोत्सवात नाही. तिनं फोन करून सांगितलं, मोठा तंबू नको, संध्याकाळ नको, आणि पत्रिकेत नाव नको. मी म्हटलं, मग तुम्ही तरी याल ना? ती हसली नाही.

१२ मे, मंगळवार

गिटारवाली स्वतः भेटायला आली. तिशीची असेल. एवढ्या उन्हात गळ्याभोवती रुमाल, बाह्या मनगटापर्यंत. मी पुढे केलेली खुर्ची तिनं उचलून भिंतीला लावली आणि दाराकडे तोंड करून बसली. पाणी दिलं तर एका दमात प्याली. कलाकार कुठल्या फाटकातून आत येतात, गाणं झाल्यावर प्रेक्षकांत न जाता बाहेर पडता येतं का, फोटो काढणारे किती असतात, असलेच प्रश्न. गाण्याबद्दल अवाक्षर नाही.

गिटार जुळवून बघितली तेव्हा माझ्या लक्षात आलं, डाव्या हाताची करंगळी दुमडतच नाही. ताठ बाहेर राहते. शिकवणाऱ्यानं लहानपणीच ही खोड मोडायला हवी होती.

नुसतं 'भक्तिगीतं' एवढंच छापा म्हणाली. मी नाही म्हटलं. माझा पहिल्यापासून नियम आहे, कागदावर अर्धवट काही नसावं. एकीला सवलत दिली की उरलेले चाळीस रांगेत उभे. अर्जात होतं तसं पूर्ण नाव-आडनाव छपाईला दिलं. लोक नाव छापावं म्हणून भांडतात, ही छापू नये म्हणून भांडते. नखरे म्हणायचे, दुसरं काय.

जाताना म्हणाली, ठीक आहे. अगदी हळू. मला जरा अपराध्यासारखं वाटलं, पण नियम म्हणजे नियम.

१५ मे, शुक्रवार

पत्रिका छापून आल्या. बसथांब्यांवर, दुकानांच्या काचांवर लागल्या. चौकटी सरळ आहेत, एकही वेळ दोनदा आलेली नाही. चार वेळा तपासलं. तरी पहाटे दचकून उठले आणि पाचव्यांदा तपासलं.

१६ मे, शनिवार

आज एक फोन आला आणि सगळा शीण गेला. किती दिवसांनी कुणी एवढ्या मर्यादेनं बोललं. गिटारवालीचा थोरला भाऊ. पत्रिकेवर नाव वाचलं म्हणाला. बहिणीचा आणि घरच्यांचा काही वर्षांपूर्वी अबोला झाला, आता आईची तब्येत बरी नाही, तिची एकच इच्छा की लेकीला एकदा बघावं. तो कार्यक्रमाला येऊन बहिणीला भेटणार आहे, पण तिला आधी कळता कामा नये, नाहीतर ती संकोचून यायचीच नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वेळ आणि तंबू पत्रिकेवर होतेच, मी त्याला कलाकारांचं फाटकही सांगितलं. ती कुठं उतरली आहे, विचारत होता. ते मला ठाऊक नाही, पण त्या दिवशी नऊ नंबरच्या बसनं आली होती एवढं सांगितलं. तेवढीच मदत.

म्हणून ती नाव छापू नका म्हणत होती तर. घरच्यांवरचा राग. होईल आता सगळं गोड.

१८ मे, सोमवार

भाषांतरकार आजारी, एक व्याख्यान रद्द. नर्तकींना चौथरा लहान पडतो. फेरफार, फेरफार.

गिटारवालीचा फोन आला. आधी विचारलं, वेळ बदलता येईल का. नाही म्हटलं. मग जरा थांबून विचारलं, माझी कुणी चौकशी केली का? मी नाही म्हणून सांगितलं. खोटं बोलायची मला सवय नाही, आवाज कापला असेल, पण सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं.

मला मनातल्या मनात हसू येत होतं.

१९ मे, मंगळवार

भाऊ पुन्हा फोनवर. पहिल्या रांगेत जागा मिळेल का. मी बाजूची खुर्ची राखून ठेवते म्हटलं. मग सहज विचारलं, आईची तब्येत कशी आहे? तो म्हणाला, "कुणाची?" आणि लगेच हसला. कामाच्या गडबडीत होतो म्हणाला. आई बरी आहे.

होतं असं. मीही कधीकधी ह्यांना धाकट्या भावाच्या नावानं हाक मारते.

बोलता बोलता म्हणाला, तिला पहिल्यापासून खोडच आहे, न सांगता निघून जायची. फार शांतपणे म्हणाला. फोन ठेवल्यावर का कोण जाणे, मी उठून पंखा बंद केला. थंडी वाजल्यासारखं झालं होतं.

२० मे, बुधवार

जेवताना मी हे सगळं सांगत होते. हे ऐकत होते, मध्येच हसले. सुनेचा हात ताटातच थांबला.

"आई, तुम्ही त्याला फाटक सांगितलंत?"

मी म्हटलं, भाऊ आहे गं तिचा.

"भाऊ आहे तर तिचा फोन नंबर तुमच्याकडे आहे आणि त्याच्याकडे नाही?"

मी चिडले. ती दिवसभर वाईटच बघते म्हणून तिला सगळीकडे वाईट दिसतं, असं काहीसं बोलले. तिनं वाद घातला नाही. तिनं फक्त विचारलं, ती करंगळी नेमकी कशी राहते. मी हातानं दाखवलं. सून म्हणाली, "ती खोड नाही, आई. मोडलेलं बोट वेळेवर बांधलं नाही की असं होतं. ह्या उन्हात रुमाल कशाला, तेही तुम्हाला सांगायला पाहिजे का?"

ह्यांनी ताट बाजूला सारलं.

मी गिटारवालीला फोन लावतेय. बंद आहे. सात वेळा लावला. अकरा वेळा.

२१ मे, गुरुवार

सकाळी लागला. सगळं सांगितलं. नऊ नंबरची बससुद्धा.

मग तिनं विचारलं, "आवाज चढवला होता का त्यांनी?"

मी म्हटलं, छे, फार सौम्यपणे बोलत होते.

"मग तेच आहेत," ती म्हणाली.

नवरा. चौदा महिन्यांपूर्वी ती घर सोडून निघाली. तेव्हापासून दोन घरं बदलली. बसथांब्यावर पत्रिका बघून तिला वाटलं होतं, एवढ्या एक्केचाळीस नावांत कोण वाचतंय. मी हात जोडून म्हटलं, येऊ नका, मी काहीतरी कारण सांगते. ती म्हणाली, तिच्या घरी गाणं बंद होतं. सहा वर्षं ती नुसती मनात गायली. "आता मी आले नाही तर तिथं आणि इथं फरक काय?"

फोन ठेवला आणि चप्पल घातली.

अध्यक्षांकडे गेले. ते म्हणाले, नवरा-बायकोचं भांडण आहे, आपण मध्ये पडलो तर महोत्सवाचं नाव जाईल, तिचा कार्यक्रम काढून टाका, विषय संपला. चौकीत गेले. तिथल्या अधिकाऱ्यानं नीट ऐकून घेतलं, लिहूनही घेतलं, पण खुर्चीवर बसून गाणं ऐकणं हा काही गुन्हा नाही म्हणाला. काही घडलं तर लगेच कळवा. काही घडलं तर.

घरी येऊन कागद पसरले. ती सकाळी गायली तर? तो सकाळपासून आवारात फिरत असेल. रविवारी? तो रविवारीही येईल. ज्या वेळी ती गाईल त्या वेळी तो कुठं असेल, हे मला माहीत हवं. आणि तो कुठं असेल हे अख्ख्या तीन दिवसांत मला एकाच वेळी नक्की ठाऊक आहे. शनिवारी सव्वापाच, मोठा तंबू, पहिल्या रांगेतली बाजूची खुर्ची.

मग तीच वेळ. जागा दुसरी.

२२ मे, शुक्रवार

पहिला दिवस. अकरा कार्यक्रम हलवले. एकच हलवला असता तर तेवढाच डोळ्यांत भरला असता, म्हणून अकरा. कारण कुणालाही सांगितलं नाही. नर्तकींची प्रमुख रडायला आली, व्याख्याते माझ्याकडे बघेनात, साऊंडवाला म्हणाला, बाई, तुम्ही घरी जाऊन झोपा जरा. चहाच्या टेबलामागे कुणीतरी म्हणालं, वय झालंय त्यांचं. मी ऐकलं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं. परीक्षेच्या दिवशी हसले होते तसेच सगळे पुन्हा हसत होते.

प्रार्थनाघरातला उद्याचा पाचचा मौनाचा तास बागेत नेला. प्रार्थनाघराच्या फलकावर आता काहीच नाही. जी तीसेक माणसं छापील पत्रिका बघून तिथंच मौनाला म्हणून येतील, त्यांना गाणं मिळेल.

सून उद्या रजा घेतेय. गाडी मागच्या गल्लीत लावणार. गाणं संपलं की गिटारवालीला घेऊन जाणार. कुठं, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगू नये असं मीच सांगितलं. मला विचारलं तर खोटं बोलावं लागू नये.

ह्यांनी माझी चप्पल दुरुस्त करून ठेवली, उद्या धावावं लागलं तर म्हणून.

२४ मे, रविवार

काल लिहिणं झालं नाही. आज लिहिते.

तो पाचला दहा कमी असताना आला. कुणी राक्षस येईल अशा तयारीनं मी वाट बघत होते. आला तो इस्त्रीच्या शर्टातला, कानांजवळ केस पिकलेला, कुठल्याही कचेरीत खिडकीपलीकडे दिसतो असा माणूस. हातात पांढरी फुलं. मी नमस्कार म्हटलं तर उठून उभा राहिला. तुम्हीच बाई ना, आवाजावरून ओळखलं म्हणाला. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. ते आधी ठरवलं नव्हतं.

व्यासपीठावर समूहगान चालू होतं. त्यांच्या मास्तरांना मी सांगून ठेवलं होतं, पुढच्या कलाकाराला उशीर होतोय, तुमची तीन गाणी सात करा. मास्तर खूश. आयुष्यात त्यांना कुणी जास्त गा म्हटलं नसेल.

सव्वापाच झाले. त्यानं घड्याळ बघितलं. मी म्हटलं, थोडा उशीर आहे, पुढचं नाव तिचंच आहे. त्यानं मान हलवली आणि स्वतःची पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. तुम्हाला घाम आलाय, म्हणाला. मी ते पाणी प्याले. नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

चौथं गाणं संपलं आणि टाळ्या थांबल्या. मास्तर पुढचा कागद शोधत होते. तंबूत शांतता. तेवढ्यात झाडांपलीकडून वाऱ्यावर एक आवाज आला. धाग्याएवढा. शब्द नाहीत, नुसता चढत जाणारा सूर. त्यानं मान वळवली, कान दिला.

माझ्या मांडीवर फाईल होती. मी ती सोडली. सगळे सुटे कागद खुर्च्यांखाली पसरले. आणि तो माणूस, फुलं खुर्चीवर ठेवून, गुडघ्यांवर बसून माझे कागद गोळा करायला लागला. सभ्य माणूस. मी मोठमोठ्यानं बोलत सुटले. शाळा, वर्ग, उकाडा, काय वाट्टेल ते. मागच्या रांगेतून कुणीतरी शू केलं. मास्तरांना कागद सापडला. समूहगान पुन्हा सुरू झालं.

त्यानं सगळे कागद एकसारखे लावून माझ्या हातात दिले. वरचा कागद उलटा होता, तोही सुलटा केला. आणि माझ्याकडे बघत राहिला. तेव्हा त्याला कळलं असावं. पण तो उठला नाही, मी उठायची वाट बघत होता, आणि मी उठत नव्हते.

सहाला दहा कमी असताना साऊंडवाल्यानं जाहीर केलं, पुढच्या कार्यक्रमात बदल. मागे लोक कुरकुरले. तो व्यासपीठाकडे बघतच म्हणाला, "कुठं आहे ती?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"तुम्ही चांगल्या घरातल्या दिसता, बाई. दुसऱ्याच्या घरात कशाला शिरता?"

अजिबात आवाज न चढवता. काहीतरी सणसणीत बोलायला हवं होतं. रात्रभर सुचत राहिलं. तेव्हा नुसती फाईल छातीशी धरून बसले होते.

तो पुढचं नृत्य शेवटपर्यंत बघत बसला. टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग उठला, मला नमस्कार केला, आणि फुलं बरोबर घेऊन गेला. ती तिथंच टाकून गेला असता तर मला बरं वाटलं असतं.

साडेसातला सून परत आली. पोचवलं, म्हणाली, एवढंच.

२६ मे, मंगळवार

अध्यक्ष येऊन गेले. पुढच्या वर्षीसाठी दुसरं कुणीतरी बघितलंय म्हणाले, तुम्हाला त्रास नको. चहा घेतला त्यांनी.

दुपारी त्याचा फोन. "दमला असाल, बाई. मोठं काम पार पाडलंत." आणि गप्प. ठेवलाही नाही. मी ठेवला. ह्यांच्याबरोबर लगेच चौकीत गेले. त्याच अधिकाऱ्यानं या वेळी नंबर लिहून घेतला, वेळ लिहून घेतली, आमच्या गल्लीवरून फेरी मारायला सांगतो म्हणाला. करेल का, कोण जाणे.

कोपऱ्यावर करड्या रंगाची गाडी उभी होती. ती शेजाऱ्यांच्या पाहुण्यांची निघाली. हे मी तीनदा विचारून खात्री केली.

२९ मे, शुक्रवार

फोन पुन्हा आला नाही. त्यामुळे बरं वाटायला हवं.

संध्याकाळी भाजी निवडत बसलो होतो. सून म्हणाली, आई, एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. साडेपाचला गाडीत बसायचं ठरलं होतं. गाणी संपली, सून दारात किल्ली घेऊन उभी. तेवढ्यात पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, अजून एक. मग सगळेच म्हणाले. सुनेनं हातानं खूण केली, चला. गिटारवालीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि पुन्हा गिटार मांडीवर घेतली.

म्हणजे मी तिकडे त्याच्या शेजारी बसून सुटली एकदाची असं म्हणत होते तेव्हा ती झाडांपलीकडे बसून गात होती. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. सगळं होऊन सहा दिवस झाले तरी अंगावर काटा आला. आधी राग आला तिचा. जिवाची पर्वा नाही का, असं काहीतरी पुटपुटले. सून म्हणाली, मलाही आला होता, पण मी दार लावून घेतलं आणि ऐकत उभी राहिले.

एक्केचाळीस कार्यक्रम लावले मी, आणि तिचं गाणं कानावर पडलं ते तेवढंच, धाग्याएवढं. मी विचारलं, कुठलं गाणं होतं?

सुनेला गाण्यातलं काही कळत नाही. शब्द आठवत नाहीत म्हणाली, आणि लाजत लाजत नुसती चाल गुणगुणून दाखवली. बेसूर होती. मध्येच चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

संपल्यावर मी तिला ती चाल अजून एकदा म्हणायला लावली.